काढून टाकलेलं पान

कर्वेनगर, पुणे
१६ जून २००८

प्रिय निशा,

अनेक आशीर्वाद.

मी श्रद्धा मॅडम, धायरीच्या कॉम्प्युटर क्लासची. पत्र बघून तुला नवल वाटेल. वर्गात तुम्हाला ई-मेल शिकवला आणि आता स्वतः पोस्टाचं पाकीट घेऊन बसले आहे. पण तुझ्याजवळ फोन ठेवलेला नाही असं कळलं, म्हणून हाच मार्ग उरला.

परवा तुझ्या आजी, बायडाबाई, क्लासवर आल्या होत्या. दोन जिने चढून आल्या, पाणी प्यायल्या आणि तुझ्या आत्याच्या पत्त्याचा कागद माझ्यापुढे ठेवला. म्हणाल्या, "तिच्या आत्याच्या फोनवर फोन केला तर पोरगी नुसती हूं हूं करती. तुम्ही लिवा. तुमचं ऐकंल."

आज शाळा सुरू झाली. तुझ्या वर्गातल्या मुली क्लासखालूनच गेल्या. तुझं दहावीचं वर्ष. बाबांनी तुला तिकडेच ठेवायचं ठरवलंय असं आजींनी सांगितलं. त्यांच्या निर्णयात मी पडणार नाही. पण अभ्यास सोडू नकोस. गणित रोज एक तास केलंस तरी पुष्कळ होईल.

मे महिन्यात जे झालं त्याबद्दल मी तुला रागावणार नाही. तुझ्या वयात असं होतं. कुणीतरी गोड बोलतं, आपण फोटो देतो, नंबर देतो आणि मग ते आपल्या हातात राहत नाही. अनोळखी माणसाला असं काही द्यायचं नसतं, हे मी वर्गात ठासून सांगायला हवं होतं. ते राहून गेलं. तेवढी चूक माझी.

मागचं मनात ठेवू नकोस. उत्तर लिही.

तुझी,
श्रद्धा मॅडम


वडाची वाडी, ता. भोर
२९ जून २००८

आदरणीय श्रद्धा मॅडम,

सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. इंदुआत्याला वाचता येत नाही, म्हणून तिने मलाच मोठ्याने वाचायला सांगितलं. मी फोटो आणि नंबरचं तेवढं सोडून बाकीचं वाचलं.

मॅडम, मी त्या माणसाला फोटो दिला नाही. नंबरही दिला नाही. घरी हे खूप वेळा सांगितलं. आता सांगणं बंद केलंय. पण तुम्हीसुद्धा तसंच लिहिलंत, म्हणून एकदा सगळं नीट लिहिते. तुम्हाला घरच्यांनी काय सांगितलं असेल ते मला माहीत नाही.

बावीस एप्रिलला माझा वाढदिवस होता. दुपारी आजीच्या मोबाईलवर फोन आला. आजीला बटणं कळत नाहीत, म्हणून तिचे फोन मीच उचलायचे. तिकडून माणूस म्हणाला, "हॅपी बर्थडे, निशा." मी विचारलं, कोण बोलतंय? तर म्हणाला, तुमच्याच क्लासचा, सकाळच्या बॅचचा. मला खरंच वाटलं. मग रोज दुपारी फोन यायला लागला. त्याला माझी शाळा माहीत होती. क्लास कधी सुटतो ते माहीत होतं. एकदा म्हणाला, "कंडक्टर मॅडम, आम्हाला पण एक तिकीट द्या की." मी घाबरले. मला एस.टी.ची कंडक्टर व्हायचंय हे मी घरात कुणालाच सांगितलेलं नाही. बाबा हसले असते.

मी फोन उचलणं बंद केलं. मग तो मेसेज पाठवायला लागला. ते मी वाचून पुसायचे. घरी सांगितलं असतं तर पहिल्यांदा क्लास बंद झाला असता, म्हणून सांगितलं नाही. ही माझी चूक मला मान्य आहे.

नऊ मेला क्लास सुटल्यावर तो फाट्यावर उभा होता. त्याने मला नावाने हाक मारली. बाबांच्या वयाचा नसेल, पण मोठा माणूस होता. हातात घडी केलेला कागद होता. तेवढ्यात बाबा गाडीवरून येताना दिसले. तो रिक्षात बसून गेला, कागद खाली पडला. बाबांनी उचलला. त्यावर माझा हसतानाचा फोटो होता, नाव, जन्मतारीख, आजीचा नंबर, आणि भोवती जांभळी चौकट.

घरी काय झालं ते लिहीत नाही. तीन दिवसांनी मला इकडे आणून सोडलं. इथं आत्याने शेजारी सांगितलंय की पोरीला हवापालटासाठी आणलंय. पण आमच्या धायरीचं कुणीतरी इथं आलं असणार, कारण विहिरीवर मी गेले की बायका बोलायच्या थांबतात. मी आता दुपारी, कुणी नसताना पाणी आणते.

मॅडम, एक विचारायचं होतं. कंडक्टरचं मी फक्त क्लासमधल्या 'माझं पान' मध्ये लिहिलं होतं. तुम्हीच जांभळी चौकट करायला शिकवली होती. ते पान क्लासबाहेरच्या कुणालाही उघडून छापून घेता येतं का?

आपली विद्यार्थिनी,
निशा


कर्वेनगर, पुणे
१० ऑगस्ट २००८

प्रिय निशा,

अनेक आशीर्वाद.

उत्तराला फार उशीर झाला. नव्या बॅचचे प्रवेश चालू होते, मधे माझी आई आजारी होती. सोबत गणिताचं आणि विज्ञानाचं गाईड पाठवते आहे.

तू लिहिलंस ते वाचून वाईट वाटलं. पण आता त्या कागदाचा, चौकटीचा विचार करून उपयोग नाही. कॉम्प्युटरमधून काय कुठे जातं याचा पत्ता मोठमोठ्या कंपन्यांनाही लागत नाही. कुणाच्या हातात पेन ड्राइव्ह गेला असेल, कुणी काही कॉपी केलं असेल. तू त्यात डोकं शिणवू नकोस.

तुझ्यासारखा प्रसंग दुसऱ्या मुलीवर येऊ नये म्हणून मी एक काम हाती घेतलं आहे. तुमच्या शाळेच्या ज्ञानदेव सरांनी पालकांसाठी सभा ठरवली आहे, गणपतीत, तेरा सप्टेंबरला. विषय 'मुलं आणि इंटरनेट'. बोलायला मला बोलावलं आहे. मुलींना कॉम्प्युटरपासून लांब ठेवू नका, पण सावध राहायला शिकवा, असं सांगणार आहे. तुझं नाव अर्थातच घेणार नाही.

मुलींच्या बॅचला या वेळी बावीस जणी आहेत. एवढ्या कधीच नव्हत्या. त्यातल्या कितीतरी घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या आहेत. हे टिकायला हवं, असं मला फार वाटतं.

तब्येत सांभाळ. पाऊस बराच असेल तिकडे.

तुझी,
श्रद्धा मॅडम


वडाची वाडी
२४ ऑगस्ट २००८

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

गाईड मिळाली. भाताची लावणी संपली. मलाही लावता येते आता. पहिले चार दिवस कंबर धरली होती.

मागच्या सोमवारी आत्याची दाढ दुखत होती म्हणून आम्ही भोरला गेलो. दवाखान्यात फार गर्दी होती. शेजारीच सायबर कॅफे होता. आत्याला म्हटलं, मॅडमच्या क्लासची माहिती बघून येते. ती म्हणाली, जा, पन उंबऱ्यात दिसशील अशी बस. कॅफेवाल्यांनी दाराजवळचा कॉम्प्युटर दिला.

साइटचा पत्ता माझ्या लक्षात होता. तुम्ही तो फळ्यावर लिहिला होता. त्या दिवशी तुम्ही म्हणालात, "मुलींनो, आता तुम्ही जगभर दिसता." आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. मी घरी जाऊन आजीला सांगितलं होतं की तुझी नात अमेरिकेत पण दिसते.

साइट उघडली. तुमचा फोटो आहे. कोर्सची यादी आहे. पूर्वी डावीकडे 'आमच्या विद्यार्थिनी' म्हणून एक ओळ होती, तिच्यावर दाबलं की आमची सगळ्यांची पानं दिसायची. ती ओळ आता नाही. बाकी सगळं तसंच आहे.

मॅडम, ते पान तुम्ही कधी काढलं?

मी तुम्हाला दोष देत नाही. खूप विचार केला. नंबर मीच टाईप केला होता. घरी लँडलाइन नव्हती आणि तुम्ही म्हणालात रकाना रिकामा ठेवू नका, म्हणून आजीचा टाकला. म्हणजे दिला तो मीच. बाबा म्हणतात ते एका अर्थी खरंच आहे. हे कळल्यावर मला जरा बरंसुद्धा वाटलं, कारण आता आपली चूक नेमकी काय ते तरी माहीत झालं.

नागपंचमीला पाहुणे येऊन गेले. मला चहा घेऊन बाहेर बोलावलं. आत्या म्हणते लग्न काय लगेच नाही, बोलून ठेवायचं. मुलगा सातारा रोडला गॅरेजवर आहे. मी मान वर केली नाही, त्यामुळे तो कसा दिसतो ते सांगता येणार नाही. आत्या चांगली आहे. तिला वाटतं माझं नाव खराब झालंय, आता मिळेल ते बरं.

तुम्ही सभेत बोलणार आहात ते चांगलं आहे. फक्त आजीला भेटलात तर तिला एवढं सांगा की मी त्या माणसाशी गोड बोलले नव्हते. बाबांना नाही सांगितलं तरी चालेल.

आपली विद्यार्थिनी,
निशा


कर्वेनगर, पुणे
६ सप्टेंबर २००८

निशा,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. तीनदा उत्तर लिहायला बसले आणि तीनदा खोटं लिहून फाडलं. आता खरं लिहिते.

पान मी दहा मेला काढलं. सकाळी अकराच्या सुमाराला.

त्या दिवशी तुझे बाबा, हिंदुराव, क्लासवर आले होते. ते कसला कागद घेऊन आलेत हे मला माहीत नव्हतं, मी आपली हजेरी लावत होते. त्यांनी कागद टेबलावर उघडला आणि मला पहिल्या नजरेत चौकट ओळखू आली. मी शिकवलेली. खाली बारीक अक्षरात साइटचा पत्तासुद्धा छापून आला होता. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही.

ते म्हणाले, "मॅडम, मला यातलं काय कळत न्हाई. पोरीचा फोटो असा कुणाला मिळतो का कॉम्प्युटरमदनं?"

मी म्हणाले, "मुलीनं स्वतः कुणाला दिला तर मिळतो."

एवढंच बोलले मी. त्यांनी कागदाची घडी घातली, "बरं" म्हणाले आणि गेले. ते खाली गाडी सुरू करत होते तेव्हा मी पान काढून टाकत होते. एका मिनिटाचंही काम नाही ते. मग मी उरलेली हजेरी लावली.

तुला घरी मारलं हे मला दुसऱ्या दिवशी मुलींकडून कळलं. तुला आत्याकडे नेलं हे तिसऱ्या दिवशी. दोन्ही वेळा मला धायरीत तुमच्या घरी जाता आलं असतं. चालत दहा मिनिटांचा रस्ता आहे.

मी स्वतःला काय सांगत होते तेही लिहिते. खरं बोलले तर सगळ्याच मुलींचे बाप त्यांना काढतील. मग त्यांचं शिक्षण थांबेल. एकीसाठी बाकीच्या सगळ्यांचं नुकसान का करायचं? हे मला त्या वेळी फार शहाणपणाचं वाटलं होतं. त्यात माझा क्लास, माझ्या पाटीवरचं माझं नाव, वाशीमहून एकटी पुण्याला येऊन हे उभं केलं म्हणून गावाकडे होणारं कौतुक, हे सगळं होतं. मुलींचं नाव पुढे केलं की ते दिसत नसे.

आणि मग मी तुलाच पत्रातून उपदेश केला. अनोळखी माणसाला काही देऊ नये म्हणून. ते वाक्य तू आत्याला वाचून दाखवलं नाहीस. मला ते लिहिताना लाज वाटली नव्हती, तुला वाचताना वाटली. दुसऱ्या पत्रात पेन ड्राइव्हची गोष्ट रचली. आई आजारी नव्हती.

निशा, तू नंबर टाईप केलास तो वर्गाच्या अभ्यासात, शिक्षिकेने सांगितलं म्हणून. तो जगापुढे ठेवला मी. तुम्हाला किंवा तुमच्या घरच्यांना न विचारता. मला स्वतःला तेव्हा सुचलंही नाही की हे कोण कोण बघेल. मला फक्त साइट भरलेली दिसायला हवी होती. तुझी नेमकी चूक सापडली म्हणून तुला बरं वाटलं, असं तू लिहिलंस. ती चूक तुझी नाही. परत दे ती मला.

उद्या रविवार आहे. मी तुमच्या घरी जाते आहे. हे पत्र जाताना पेटीत टाकेन, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

श्रद्धा


कर्वेनगर, पुणे
२८ सप्टेंबर २००८

निशा,

तुझं उत्तर आलेलं नाही. येईल असं धरूनही चाललेले नाही. पण इथं काय झालं ते तुला माझ्याकडून कळायला हवं.

सात तारखेला मी घरी गेले. गौरींचे दिवस. बायडाबाईंनी मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, लाडू हातात दिला. लाडू हातात धरूनच मी सगळं सांगितलं, कारण खाऊन सांगणं बरोबर नव्हतं आणि खाली ठेवायला ताटली नव्हती.

तुझे बाबा आत गेले. कपाटातून कागद घेऊन आले.

"ह्यो तुमच्या क्लासचा?"

"हो."

"त्या दिवशीच वळखला होता तुम्ही?"

"हो."

"आन मला म्हनला, पोरीनं दिला आसंल."

"हो."

त्यांनी कागद पाटाशेजारी ठेवला. मग म्हणाले, "मी तिला पट्ट्यानं मारलं. ती म्हनत व्हती मी न्हाई दिला. मी म्हनलं, मॅडम खोटं बोलत्यात व्हय?"

बायडाबाई एवढंच म्हणाल्या, "मी तुमच्याकडंच पत्ता घेऊन आले."

मी माफी मागितली. तुझ्या बाबांनी मान हलवली. "मला एकट्याला सांगून काय करता? हिंदुरावची पोरगी बिघडली, हे समद्या धायरीला ठावं हाय. तुमी गावाला सांगा. मग बघू."

नऊ तारखेला तुझे बाबा आणि मी पोलीस चौकीत गेलो. त्या माणसाचा नंबर आजींच्या फोनमध्ये अजून होता. आणि तेरा तारखेला सभा झाली. शाळेचं सभागृह भरलं होतं. ज्ञानदेव सरांनी माझी ओळख करून दिली, या विषयातल्या जाणकार म्हणून. मी उभी राहिले. भाषणाचे कागद टेबलावरच ठेवले आणि सांगितलं की मी जाणकार नाही. मुलींचे फोटो, जन्मतारखा, फोन नंबर मी पालकांना न विचारता इंटरनेटवर टाकले. त्यातून एका माणसाने एका मुलीला गाठलं. तिच्या वडिलांनी मला विचारलं तेव्हा मी खोटं बोलले आणि दोष तिच्यावर गेला. तुझं नाव मी घेणार नव्हते. तुझे बाबा मागच्या रांगेतून उठले आणि म्हणाले, "नाव घ्या. आजपर्यंत समद्यांनी घेतलंय." म्हणून घेतलं.

लोक काय काय बोलले ते लिहीत नाही. बोलायलाच हवं होतं. एक गृहस्थ म्हणाले, अशा बाईला गावात क्लास चालवू देऊ नये. ते चुकीचं बोलत होते असं मला वाटलं नाही.

सभा संपल्यावर तुझ्या बॅचची एक मुलगी आईला घेऊन माझ्याकडे आली. तिलाही तोच माणूस फोन करत होता, जुलैपासून. तिने घरी सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलंस, असं आईने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "निशाला काय केलं ते बघितलं होतं ना."

अठरा तारखेला तो माणूस सापडला. चौतीस वर्षांचा, एका गोडाऊनवर सुपरवायझर. घरी बायको, दोन मुलं. त्याच्याकडे चार पानं छापलेली होती. म्हणजे चार मुलींची. मी उरलेल्या दोघींच्याही घरी जाऊन आले. एका घरात मला आत घेतलं नाही. दारातून सांगितलं.

बावीस मुलींपैकी सतरा जणींची नावं काढली गेली. ज्याच्या भीतीने मी गप्प बसले होते ते झालं. पण ते तुझ्यामुळे झालेलं नाही, आणि खरं बोलल्यामुळेही नाही. मी मे महिन्यातच बोलले असते तर त्या दुसऱ्या मुलीचे जुलैपासूनचे दिवस तरी वाचले असते.

गेल्या रविवारी त्या मुलीची आई आली, सोबत आणखी तिघी बायका. म्हणाली, "पोरींला घरात बसवून काय हुनार? फोन घरातच हाय. आमाला दाखवा काय टाकायचं नसतं ते." मी त्यांना म्हटलं, मला शिकवायचा हक्क उरलाय का ते माहीत नाही. तर म्हणाली, "चुकलेल्या जागा तुम्हालाच ठाव्या हायत. बसा न् दाखवा." मी दाखवलं.

तुझं नाव शाळेतून कमी केलेलं नाही, फक्त गैरहजर लावत होते. ज्ञानदेव सर म्हणाले, दिवाळीआधी आली तर हजेरीचं मी बघतो. बाबांना सांगितलं आहे.

श्रद्धा


वडाची वाडी
१२ ऑक्टोबर २००८

श्रद्धा मॅडम,

नमस्कार.

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं आलं तेव्हा आत्या म्हणाली वाच. मी या वेळी काहीच सोडलं नाही. शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं. वाचताना माझा आवाज बदलला नाही याचं मलाच आश्चर्य वाटलं. आत्याने पत्र माझ्या हातातून घेतलं, उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाली, "आनि आपन हिला काय काय बोललो." आणि गोठ्यात निघून गेली. संध्याकाळी तिने पाहुण्यांकडे निरोप पाठवला की आमचं आत्ता काही नाही.

मी उत्तर लिहिलं नाही कारण राग आला होता. बाबांचा आला नव्हता तेवढा तुमचा आला. बाबांना कॉम्प्युटर कळत नाही. तुम्हाला कळत होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा आले. आम्ही खाचरात भात कापत होतो. आत्या, मी आणि वाडीतल्या सहा-सात बायका. बाबा बांधावर उभे राहिले. पाच महिन्यांनी बघत होते मी त्यांना. दाढी वाढलेली होती. म्हणाले, "निशे, चल. शाळंत जायचंय."

मी विळा खाली ठेवला नाही. मी मनात ठरवलं होतं की बाबा आले तर धावत जाईन. पण तसं झालं नाही. मी म्हटलं, "इथं सगळ्यांना वाटतं मी कुणाबरोबर तरी फिरत होते. मी अशी निघून गेले तर तसंच वाटत राहील."

आत्या म्हणाली, "आगं, घरी जाऊन बोल." मी म्हटलं, घरी नाही.

बाबा चप्पल काढून खाचरात उतरले. बायकांनी कापणी थांबवली होती. त्यांना बायकांसमोर बोलायची सवय नाही, तुम्ही बघितलंय. ते खाली बघत म्हणाले, "माझ्या पोरीनं काय केलं न्हवतं. तिनं सांगितलं व्हतं मला. मी ऐकलं न्हाई. मारलं तिला. चूक माझी हाय." एका म्हातारीने त्यांना पाण्याचा तांब्या दिला. त्यांनी तो नुसताच हातात धरला.

मला वाटलं होतं, असं झालं की बरं वाटेल. तसं नाही वाटलं. त्यांची मान तशी खाली बघून मलाच लाज वाटली. पण मी 'राहू द्या' म्हणाले नाही. माझी ओळ कापून पूर्ण केली, मग हात धुतले.

उद्या मी धायरीला येते आहे. मंगळवारपासून शाळा. क्लासला मी येणार नाही. कॉम्प्युटरवर राग नाही, शाळेतल्या लॅबमध्ये शिकेन. आजीला मोबाईलची बटणं मीच शिकवणार आहे, म्हणजे तिचे फोन तिला उचलता येतील. तुम्ही बायकांना शिकवताय ते बंद करू नका.

तुम्ही माफी मागितलीत. मला 'माफ केलं' असं लिहिता येत नाही, कारण अजून तसं झालेलं नाही. होईल की नाही तेही माहीत नाही. रस्त्यात दिसलात तर तोंड फिरवणार नाही. तुम्हीही फिरवू नका.

निशा